जुन्या घड्याळांच्या सहवासात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बंगळूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीला मला बसविलेत, हा आपला लोभ. मी लेखक नाही, संशोधक तर नाहीच नाही. आयुष्याची चौतीस वर्षे मी बँकेत आकडे मांडण्यात घालविली आणि उरलेल्या वेळात जुनी मनगटी घड्याळे गोळा केली, ती उघडली, त्यांतली काही बिघडविली आणि काही पुन्हा चालती केली. चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘जुन्या घड्याळांचा संग्रह आणि त्याला लागणारा धीर’ असे सांगितले. ते म्हणाले, “धीराविषयी किती वेळ बोलाल?” मी म्हटले, “चाळीस मिनिटे.” त्यावर ते म्हणाले, “मग धीर श्रोत्यांनाच धरावा लागेल!” तेव्हा आपण तो धरावा, अशी आरंभीच विनंती करतो.

या छंदाचा उगम एका चुकीत आहे, आणि ती चूक माझी आहे. तिथूनच सुरुवात करणे बरे.

माझे वडील रेल्वेत होते. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत ते हुबळीस लागले. १४ एप्रिल १९५१ रोजी दक्षिण रेल्वे अस्तित्वात आली आणि त्यांची नोकरी तिच्यात गेली. हुबळी, राणेबेन्नूर, बिरूर, अर्सिकेरे अशा बंगळूर-हुबळी मार्गावरच्या स्टेशनांवर त्यांच्या बदल्या होत राहिल्या. १९४८ साली त्यांनी स्वतःच्या पगारातून एक वेस्ट एंड घड्याळ घेतले होते, ‘सोवार प्रायमा’ नावाचे. सोवार म्हणजे आपला ‘सवार’, घोडेस्वार. मूळ माल स्वित्झर्लंडचा. परंतु या कंपनीचा व्यवसाय १८८६ साली मुंबईत सुरू झाला आणि तिचे नाव पोस्टात, पलटणीत आणि रेल्वेत घरोघरी झाले. वडिलांच्या घड्याळाच्या तबकडीवर सातच्या आकड्यापाशी एक तपकिरी डाग होता. बिरूरला असताना एका पावसाळ्यात रुळांखालची माती खचली आणि ते रात्रभर कंदील घेऊन फलाटाच्या टोकाशी उभे राहिले. त्या रात्री घड्याळात पाणी शिरले, त्याचा तो डाग. ते स्वतः ही हकिगत फारशी सांगत नसत. सांगे ती आई.

१९८३ साली वडील गेले. वर्षश्राद्धाच्या आधी मला वाटले, ते घड्याळ लखलखीत करून आईच्या हाती द्यावे. मी ते एका दुकानात दिले. आठ दिवसांत काम हवे, असे बजावून दिले. दुकानदाराने शब्द पाळला. आठव्या दिवशी घड्याळ आरशासारखे चकाकत होते. तबकडी पांढरीशुभ्र रंगविलेली, आकडे काळेभोर, डाग नाहीसा. मी ते अभिमानाने आईसमोर ठेवले. तिने ते उलटसुलट पाहिले, कानाला लावले आणि म्हणाली, “छान दिसतंय. पण हे ह्यांचं नव्हे रे.”

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने मी सांगितले ते केले. घाई माझी होती. डाग म्हणजे खराबी, अशी माझी समजूत होती. तो त्या घड्याळाचा भाग आहे, हे मला कळले तेव्हा तो पुसला गेला होता.

मग मी चिकपेटेच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या दीड हात जागेत बसणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. डोळ्याला भिंग लावून त्यांनी तबकडी पाहिली आणि मान हलविली. जुना रंग खरवडून काढल्यावर तो पुन्हा येत नाही, एवढेच म्हणाले. मी विचारले, “मला हे काम शिकवाल का?” त्यांनी माझ्या पँटशर्टाकडे आणि हातातल्या बॅगेकडे पाहिले. “कितने दिन में?” मी म्हटले, “सहा महिन्यांत.” तेव्हा ते हसले आणि आपल्या दख्खनी बोलीत म्हणाले, “घाई नक्को, रावसाहेब.” हा ‘नक्को’ आपल्या मराठीतूनच त्यांच्या बोलीत गेलेला शब्द आहे. परमुलखात तो असा कानावर पडला, तेव्हा मला घरच्या माणसाने रागावल्यासारखे वाटले.

सहा महिने त्यांनी मला मनगटी घड्याळाला हात लावू दिला नाही. एक मोडके गजराचे घड्याळ दिले. ते उघडायचे, प्रत्येक भाग पांढऱ्या कागदावर ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडायचा आणि उलट्या क्रमाने परत बसवायचा. एवढेच. महिन्याभराने माझ्या ध्यानात आले की, शिकायचे आहे ते घड्याळ नव्हे. हाताला थांबायला शिकवायचे आहे.

घड्याळ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. चावी दिली की पोलादी पट्टीची कमान गुंडाळली जाते. तिला सुटण्याची घाई असते. ती एकदम सुटली, तर सारी शक्ती एका क्षणात संपेल. म्हणून चाकांच्या माळेच्या शेवटी पॅलेट नावाचा एक चिमुकला नांगर असतो, तो चाकाचा एकेक दात अडवितो आणि एकेक सोडतो. त्याला ताल देते ते बॅलन्स चाक आणि त्यावरची केसासारखी बारीक कमान. कारागीर तिला बालकमान म्हणतात. म्हणजे घड्याळाचे सगळे मर्म शक्ती अडवून धरण्यात आहे. त्या काळच्या बहुतेक घड्याळांत तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला सुमारे पंधरा कोटी सत्त्याहत्तर लाख. दिवसाचे सेकंद ८६,४००. एखादे जुने घड्याळ दिवसात अर्धा मिनिट पुढे जात असेल, तर आपण नाक मुरडतो. पण ती चूक २,८८० भागांत एका भागाची आहे. एवढ्या नेमकेपणाने आपल्यापैकी किती जण आपले काम करतात?

दुरुस्तीचे पहिले कलम असे की, हत्यार उचलण्यापूर्वी पाहावे. कोणता स्क्रू आधीच कुणी ओरबाडला आहे, कुठे गंज आहे, कोणते चाक अडते आहे, हे सारे वहीत लिहावे. दुसरे कलम, कमानीतली शक्ती हळूहळू उतरवून घ्यावी. कमान भरलेली असताना पॅलेट काढला, तर सारी चाके भिंगरीसारखी फिरतात आणि क्षणार्धात दात मोडतात. मी हे एकदा केले आहे. तो आवाज अजून कानात आहे. तिसरे, सगळे भाग धुऊन जुने, गोंदासारखे झालेले तेल काढावे. चौथे, नवे तेल द्यावे ते सुईच्या टोकावर मावेल इतकेच. आणि बालकमानीला तर तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण तिचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ पिसाटासारखे पळू लागते. जास्त तेल देणे हा नवशिक्याचा दोष. उपकार करण्याच्या भरात तो अपकार करतो.

गंजाने अडकून तुटलेला स्क्रू ही या धंद्यातली मोठी परीक्षा. पितळी पाट्यात पोलादी स्क्रूचा तुकडा रुतून बसतो. ताकद लावली, तर पाट्याचे भोक बिघडते. उस्तादांनी उपाय दाखविला तो आपल्या घरातल्या तुरटीचा! पाट्यावरचे बाकीचे सारे पोलादी भाग काढून घ्यायचे आणि तो तुरटीच्या कढत पाण्यात ठेवायचा. तुरटीचे पाणी पोलादाला खाते, पितळेला खात नाही. तुकडा विरघळायला कधी काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवस. त्या काळात करायचे काय? काही नाही. अधूनमधून पाणी बदलायचे आणि वाट पाहायची. मी पहिल्या वेळी दर तासाला भांड्यात डोकावत होतो. उस्ताद म्हणाले, “तुमच्या पाहण्याने ते लवकर विरघळणार नाही.”

घड्याळ चालू झाले म्हणजे संपले, असेही नाही. ते तबकडी वर करून ठेवले असता एका वेगाने चालते, खाली करून ठेवले असता दुसऱ्या, चावी वर केली की तिसऱ्या. अशा सहा स्थितींत ते तपासावे लागते. आज यंत्रावर ठेवले की अर्ध्या मिनिटात वेग कळतो. उस्तादांपाशी यंत्र नव्हते; रेडिओवरच्या वेळेशी ते घड्याळ ताडून पाहत आणि चोवीस तासांनी पुन्हा ताडत. सहा स्थिती म्हणजे सहा दिवस. किंचित फरक केला की पुन्हा सहा दिवस. मी कंटाळलो असे दिसले की ते चहा मागवीत.

आपल्याला वाटेल, एवढा खटाटोप कशासाठी? २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरत आले. आपल्या या शहराने तर तो सारा प्रवास डोळ्यांनी पाहिला. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच. एम. टी.चा घड्याळांचा कारखाना १९६१ साली इथेच सुरू झाला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ ही नावे ज्यांना ठाऊक नाहीत, असे घर त्या काळी विरळा. मला पहिल्या पगारात मिळालेले ‘जनता’ आजही माझ्या हातावर आहे. पुढे इथून जवळच होसूरला टायटनचा कारखाना निघाला, १९८७ पासून त्यांची क्वार्ट्‌झ घड्याळे दुकानांत आली आणि चावीची घड्याळे टेबलांच्या खणांत जाऊन पडली. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एच. एम. टी.चा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्यास मंजुरी दिली. आपल्या मंडळातले काही सभासद त्या कारखान्यात होते. त्या दिवसाविषयी त्यांच्यासमोर मी अधिक बोलू नये.

नेमकी बिनचूक वेळ हवी असेल, तर जुने घड्याळ वापरू नये. ती आता खिशातल्या फोनवर मिळते. जुने घड्याळ राखायचे ते वेळेसाठी नव्हे. माणसाच्या हाताने धातूकडून काय करवून घेतले, याची ती साक्ष आहे म्हणून.

या बाबतीत जगात एक मोठा दाखला आहे. समुद्रावर रेखांश कसा काढावा, हे कोडे सोडविणाऱ्यास ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ साली २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस लावले. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने त्यासाठी चार यंत्रे केली. त्यांतल्या एकट्या तिसऱ्या यंत्रावर त्याची एकोणीस वर्षे गेली. पुढे ही यंत्रे धूळ आणि गंज खात पडली. १९२० साली रूपर्ट गूल्ड नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने ती स्वच्छ करून चालू करण्याचे काम अंगावर घेतले. तो पेशाने घड्याळजी नव्हता, छांदिष्ट होता. प्रत्येक पायरीची टिपणे ठेवीत त्याने ते काम १९३३ पर्यंत चालविले. तेरा वर्षे! आज ती यंत्रे ग्रीनिचला पाहायला मिळतात. हॅरिसनचे नाव अनेकांना ठाऊक असते, गूल्डचे थोड्यांना. जतन करणाऱ्याच्या वाट्याला हेच येते, आणि ते त्याने आनंदाने घ्यावे.

आता संग्रहाविषयी. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, इथला रविवारचा बाजार, सगळीकडे मी हिंडलो आहे. नवशिक्याने पहिले वर्ष काहीही विकत घेऊ नये, नुसते पाहावे. कारण आपल्या देशात जुन्या यंत्रावर रंगविलेली तबकडी, तिसऱ्याच घड्याळाचे काटे आणि नवी पेटी घालून केलेला माल फार. तो ओळखायचा कसा? पन्नास-साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी भडक निळी किंवा केशरी असेल, तर शंका घ्यावी. अक्षरांच्या कडा भिंगाखाली पाहाव्या. मूळ छपाई रेखीव असते, नंतरची फुटलेली दिसते. सेकंदाच्या रेघा वर्तुळात सारख्या आहेत की नाहीत, ते पाहावे. दुसरी एक सूचना प्रकृतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या रंगात पुष्कळदा रेडियम असे. चमक केव्हाच गेलेली असते. रेडियम मात्र तिथेच असते, त्याचे अर्धे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. असा रंग कधीही खरवडू नये आणि त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

आता माझ्या वडिलांच्या घड्याळाकडे परत येतो. शिकू लागल्याला दुसरे वर्ष सरत आले, तेव्हा, म्हणजे १९८६ साली, उस्ताद म्हणाले, “आता ते आणा.” मी पाठीमागचे झाकण उघडले. त्यांनी ते माझ्या हातातून घेतले आणि आतली बाजू उजेडाकडे तिरपी धरली. तिथे सुईने ओरखडल्यासारखे बारीक आकडे होते. घड्याळ दुरुस्त करणारे झाकणाच्या आत अशी आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतात. चकाकी देणाऱ्याने बाहेरची बाजू घासली होती. आत त्याने पाहिलेच नव्हते. चार खुणा होत्या. ५१, ५५, ५९, ६४.

मी ते कागदावर उतरवून घरी नेले आणि आईला वाचून दाखविले. ती भाजी निवडीत होती. हात थांबला. “एक्कावन्न म्हणजे हुबळी. आमच्या लग्नाला दोन महिने झाले होते. पंचावन्न राणेबेन्नूर, तुझ्या बारशाच्या आधी. एकोणसाठ...” आणि ती थांबली. मग म्हणाली, “एकोणसाठ म्हणजे बिरूर. तो पाऊस.” डाग मी पुसला होता, पण ज्या कारागिराने पाणी काढून घड्याळ पुन्हा चालू केले, त्याची खूण आत शिल्लक होती. त्या दिवशी आईने ते घड्याळ पहिल्यांदा स्वतःहून हाती घेतले.

तरीही मूळ तबकडी मिळवायची, असा ध्यास मी सोडला नाही. नऊ वर्षे शोधली. १९९५ साली तंतोतंत तसेच घड्याळ सापडले. तबकडी मूळची, उन्हाने किंचित पिवळलेली. अडचण एकच होती. ते घड्याळ सर्वांगाने पुरे होते आणि चालत होते. त्याची तबकडी काढून वडिलांच्या घड्याळाला लावायची, म्हणजे एक चांगले घड्याळ मोडायचे. मी रात्रभर दोन्ही पुढ्यात घेऊन बसलो. सकाळी आईला विचारले. ती म्हणाली, “त्याच्या झाकणातही कुणाच्या तारखा असतील ना? एकाचं मोडून दुसऱ्याचं कशाला जोडतोस?” मी उघडून पाहिले. तारखा होत्या. कुणाच्या, ते मला कधी कळणार नाही. दोन्ही घड्याळे आजही माझ्याकडे जशीच्या तशी आहेत. वडिलांच्या घड्याळावर ती चकचकीत पांढरी तबकडीच आहे. आता ती त्या घड्याळाची हकिगत झाली आहे, आणि त्या हकिगतीत माझी घाईही नोंदली गेली आहे. आज आई नाही, उस्तादही नाहीत. रोज सकाळी मी दोन्ही घड्याळांना चावी देतो.

शेवटी मंडळाविषयी एक विनंती. सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या कार्यालयातली कपाटे उघडली गेली आणि आरंभीच्या वर्षांची इतिवृत्ते मला पाहायला मिळाली. शाई उडालेली आहे, समासात खाडाखोड आहे, एके ठिकाणी गणेशोत्सवाच्या हिशेबावर चहाचा पेला ठेवल्याचे वर्तुळ आहे. ही इतिवृत्ते सुवाच्य टंकलिखित करून मूळ वह्या काढून टाकाव्यात, असा विचार चालू असल्याचे ऐकतो. टंकलेखन अवश्य करा. वह्यांना कसर लागू नये, म्हणून जी काळजी घ्यायची ती घ्या. परंतु मूळ वह्या टाकू नका, आणि त्यांतली खाडाखोड दुरुस्तही करू नका. ज्या सभासदांनी परमुलखात रोजचे काम आटोपून, रात्री दिव्याखाली बसून ती अक्षरे लिहिली, त्यांच्या घाईच्या, मतभेदांच्या आणि चहाच्या खुणा तिथे आहेत. त्या एकदा पुसल्या की कोणताही उस्ताद त्या परत आणू शकणार नाही. हे काम आठ दिवसांत व्हावे, असा आग्रह धरू नका. पन्नास वर्षे थांबलेल्या वह्या आणखी सहा महिने थांबतील.